साखळीपलीकडचं तळं

थोरलीनं स्टुलावर चढून कपाटावरची तंबूची पिशवी ओढली, आणि तिच्यामागोमाग दोन काठ्या, दोरीचं भेंडोळं आणि एक गुंडाळलेली स्लीपिंग बॅग अशी सगळी वरात तिच्या अंगावर आली. ती पडली नाही, कारण खाली धाकटी तिचे गुडघे घट्ट धरून उभी होती. मात्र हसून हसून धाकटीचाच तोल जायची वेळ आली होती.

"अगं, हळू! मोडाल त्या काठ्या," आतल्या खोलीतून धाकटीचा नवरा ओरडला.

"तुम्ही स्वतःची कंबर सांभाळा," धाकटीनं इथूनच उत्तर दिलं.

तो पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवा पडला होता. त्याचं आणि थोरलीच्या नवऱ्याचं, दोघा भावांचं, नळ आणि बेसिनचं दुकान होतं. तिथं एक जड टब उचलताना त्याच्या कमरेत अशी काही उसण भरली, की कूस बदलायची म्हटलं तरी तो देवाचं नाव घेत होता. त्यामुळे या वर्षीची डोंगरावरची सहल बारगळली होती. दरवर्षी उन्हाळा संपता संपता दोघे भाऊ पाठीवर पिशव्या टाकून राष्ट्रीय उद्यानातल्या वरच्या तळ्यावर जात. तळ्याकाठी मुक्काम करायचा तर सोडतीत नंबर लागावा लागे. या वेळीही तो लागला होता, परवानगीचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि आता तो तसाच वाया जाणार होता.

"वाया कशाला? आपण जाऊ," असं धाकटी काल रात्रीची भांडी विसळताना सहज बोलून गेली होती. बोलून झाल्यावर तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या हातातलं फडकं ताटावर फिरायचं थांबलं होतं.

"चल," थोरली म्हणाली होती.

थोरली कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात बसून लोकांच्या पँटी आखूड करी, चेन बदली, फाटलेली अस्तरं जोडी. डोंगरावर निघालेल्या कितीतरी लोकांच्या जाकिटांना तिनं बटणं लावून दिली होती. स्वतः ती कधी गेली नव्हती. धाकटी चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायची. दिवसभर यंत्राच्या घरघरीत काढल्यामुळे तिला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती आणि ती तिनं घरीही सोडली नव्हती. एकाच इमारतीत, वर एक आणि खाली एक अशा राहणाऱ्या या जावा बहिणींपेक्षा जवळच्या झाल्या होत्या.

थोरलीच्या नवऱ्याला सगळी इमारत 'डोंगरवाले' म्हणे. संध्याकाळी ते जिन्यात बसले की पोरं भोवती गोळा होत. मग डोंगरवाले तळ्याच्या वाटेवरच्या कड्याची गोष्ट सांगत. एका बाजूला सरळ भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी, मधे पाऊलभर वाट, आणि धरायला फक्त कड्यात ठोकलेली लोखंडी साखळी. सांगता सांगता ते उठून जिन्याच्या कठड्याला धरून दाखवत. पोरांचे श्वास अडकत. वरच्या मजल्यावर कणीक मळता मळता थोरलीचाही अडके.

आज मात्र डोंगरवाले गप्प होते. त्यांनी स्टोव्ह तपासून दिला, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिली, आणि पुन्हा स्टोव्ह तपासला.

"यंदा नाही गेलात तर चालणार नाही का?"

"का हो?"

"नाही, म्हणजे तुझे गुडघे..."

"गुडघे माझ्याबरोबरच येणार आहेत."

धाकटी फिसकन हसली. डोंगरवाले हसले नाहीत. "मग खालच्या चौकीजवळच तंबू टाका. साखळीकडे जायचं नाही. आणि चौकीवर फार वेळ काढू नका. ती वनरक्षक बाई फार बडबडी आहे."

*

उद्यानाच्या फाटकाशी बस सोडून दोघी जंगलात शिरल्या तेव्हा ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरू लागलं होतं. वाटेवर सुयांसारख्या वाळक्या पानांचा जाड थर होता. पाय टाकला की तो दबे आणि उचलला की वर येई. हवेला डिंकाचा वास होता.

"ताई, बघ! ताई, ते बघ! अगं, वर बघ ना!"

धाकटीला सगळंच दाखवायचं होतं. खोडावर उलटा उतरणारा पक्षी, झाडाच्या ढोलीत उगवलेलं दुसरं झाड, दगडाखालून बुडबुडत येणारं पाणी. थोरली दर वेळी थांबून बघत होती. सुरुवातीला तिला दम लागला, गुडघा कुरकुरला, पाठीवरची पिशवी एका खांद्याला ओढू लागली. तिनं एक पट्टा सैल केला, दुसरा घट्ट केला, आणि मग पिशवी अंगावर अशी बसली की जणू तिच्याच मापानं शिवली होती. त्यानंतर ती पुढे झाली.

"अगं, थांब की! अंगात आलंय की काय तुझ्या?" मागून धाकटी ओरडली.

थोरली थांबली नाही. कितीतरी वर्षांत तिच्या पुढे रिकामी वाट अशी आली नव्हती. कुणाला जागं करायचं नव्हतं, कुणाचा डबा भरायचा नव्हता. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि धाकटीला तिचं गाणं ऐकू आलं. थोरली गाते, हे धाकटीला ठाऊकच नव्हतं.

वाट खरोखरच जीव काढणारी होती. भाऊ सांगत त्यात खोटं काही नव्हतं. घामानं निथळत, एकमेकींना हात देत दोघी शेवटचा चढ चढून वर आल्या. समोर मोकळं गवताळ पठार होतं, लाकडी चौकी होती, तिच्या ओसरीवर चार खुर्च्या आणि एक टेबल होतं.

आणि चौकीच्या दाराशी जीप उभी होती.

"ही इथवर आली कशी?" धाकटीनं विचारलं.

"रस्त्यानं," ओसरीवरून उत्तर आलं. वनरक्षक बाई गळ्यात शिट्टी अडकवून, बाह्या वर सारून भोपळ्याएवढी किटली घासत बसली होती. "मागच्या अंगाला रस्ता आहे ना. तुम्ही जंगलातून आलात? शाबास! हल्ली कोण येतं तिथून?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं परवानगीचा कागद पुढे केला. वनरक्षक बाईनं त्यावरचं आडनाव वाचलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"अगंबाई, म्हणजे तुम्ही त्या दोघांच्या घरच्या! कुठायत ते? मी त्यांच्या खुर्च्या काढून ठेवल्यात. पत्त्यांचा जोडही नवा आणलाय. जुन्यातला बदामचा राजा धाकट्यांनी चहात बुडवला होता."

किटलीतून पाणी ठिबकत होतं.

"इथं बसतात ते?" थोरलीनं विचारलं.

"दिवसभर! जीपवाला आणून सोडतो, दोन दिवसांनी घेऊन जातो. आतल्या खाटांवर झोपतात. फार चांगली माणसं हो. मला पत्र्याची गळती काढून दिली, नळ बदलून दिला..." बोलता बोलता तिनं दोघींचे चेहरे पाहिले आणि तिचा हात थांबला. "का? काय झालं?"

धाकटीच्या तोंडून आधी एक बारीक आवाज निघाला. मग ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि पोट धरून हसत सुटली. "पत्ते! ताई, पत्ते खेळतात! आणि आपण इकडे... आणि म्हणे अस्वल आलं होतं तंबूपाशी! हेच सांगत होते ना गं आमचे? थांब, घरी गेल्यावर बघतेच एकेकाला. जिन्यात सगळ्या पोरांसमोर विचारते!"

थोरली हसत नव्हती. ती त्या खुर्च्यांकडे बघत होती. भाऊ डोंगरावर गेलेले असताना एखाद्या रात्री वीज कडाडली की ती उठून खिडकीत बसे. पाऊस लागला की तिला साखळी दिसे, ओला कडा दिसे, एका हातानं लोंबकळणारा आपला माणूस दिसे. धाकटीला झोप लागायची, तिला लागत नसे. आणि हे इथं, या छपराखाली, राजा-राणी लावत बसले होते.

"वर तळ्यावर गेलेच नाहीत कधी?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

वनरक्षक बाईनं किटली खाली ठेवली. आता ती जपून बोलत होती. "धाकटे एकदा जाऊन आले, पहिल्या वर्षी. थोरल्यांचं साखळीपाशी जमलं नाही. मधेच अडकले. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. धाकट्यांनी हाताला धरून परत आणलं. त्यानंतर धाकटेही गेले नाहीत. म्हणाले, जायचं तर दोघांनी." ती थांबली. "पण थोरले दर वर्षी जातात हो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच उठतात, साखळीपर्यंत जातात. मी इथून बघते ना. तिथं उभे राहतात बराच वेळ. मग परत येतात आणि चहा मागतात."

धाकटीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

थोरलीनं पिशवी पुन्हा पाठीवर चढवली.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"वर."

*

साखळी गोष्टीतल्या साखळीपेक्षा वाईट होती. गोष्टीत वारा नव्हता.

वाट कड्याच्या पोटातून कोरलेली होती आणि ती खरंच पाऊलभरच होती. खाली झाडं शेवाळासारखी दिसत होती. वारा दरीतून वर येऊन जाकिटात शिरत होता आणि माणसाला हलकं करून टाकत होता. थोरलीनं साखळीची पहिली कडी धरली. लोखंड थंड होतं. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि ती अडकली. पाय होते, पण ते तिचं ऐकेनात. समोरची भिंत हळूहळू आपल्याला बाहेर ढकलते आहे असं तिला वाटलं. तिनं कपाळ कातळाला टेकवलं.

"ताई?" मागून धाकटीनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "परत जाऊ या का?"

थोरलीनं कडी आणखी घट्ट धरली. इथंच. ते इथंच थांबले असतील. घरी कधी बोलले नाहीत. कसे बोलणार? जिन्यातल्या पोरांना जे सांगत होते, ते हेच तर होतं. भिंत, दरी, पाऊलभर वाट. पुढचं तेवढं त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून गोष्ट दर वेळी साखळीपाशीच संपायची. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं तिला कातळाला टेकल्या टेकल्या नवल वाटलं.

"अगं, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल. एरवी थांबतेस का?"

मग धाकटी बोलू लागली. दुकानात आलेल्या त्या गिऱ्हाइकाबद्दल, जो डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा हरवल्याची तक्रार करत होता. मालकाच्या सासूबद्दल, जिला दूरचं सगळं दिसे आणि जवळची सून तेवढी दिसत नसे. ती वाऱ्यावर मात करून बोलत होती, आणि थोरली एका कडीवरून दुसऱ्या कडीवर हात सरकवत होती. मालकाची सासू संपली, मग तिची बहीण सुरू झाली. मधेच कधीतरी थोरली हसली. हसताना पाऊल पडलं, ते नेमकं जागेवर पडलं. वळणावर वारा एकदम थांबला, वाट रुंद झाली, आणि तिच्या हाताला पुढची कडी लागेना. कारण पुढे कडीच नव्हती.

"झालं?" मागून धाकटी म्हणाली. "अगं, बहिणीच्या नवऱ्याचं राहिलंच की!"

दोघी तिथंच खाली बसल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या की हसल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोरलीचे दोन्ही तळवे गंजानं तांबडे झाले होते. ते तिनं धाकटीच्या गालांना पुसले, धाकटीनं तिच्या नाकाला. वयाला न शोभणारा धिंगाणा घालून झाल्यावर त्या उठल्या आणि शेवटचा उतार अक्षरशः पळत उतरल्या.

खाली तळं होतं.

कुणी त्याचं वर्णन नीटसं केलं नव्हतं, ते बरंच झालं. तीन बाजूंनी डोंगर उभे होते, त्यांच्या खाचांमध्ये अजून बर्फ होतं, आणि मधे ते पाणी, कुणी पाहावं म्हणून नव्हे तर आपलं आपण असल्यासारखं. काठावरच्या गवतात रानशेळ्या चरत होत्या. एकीनं मान वर करून या दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

धाकटी एवढी गप्प झाली की थोरलीनं तिच्या दंडाला हात लावून पाहिलं.

"ताई," धाकटी कुजबुजली, "आपण आलो."

*

तंबूच्या खुंट्या अजून दुकानातल्या कागदात गुंडाळलेल्या निघाल्या. कागद सोडताना धाकटीला पुन्हा हसण्याचा उमाळा आला, पण या वेळी ती थोरलीकडे बघून थांबली. तंबू पहिल्यांदा उलटा उभा राहिला, दुसऱ्यांदा बसला, तिसऱ्यांदा एका अंगाला कलून का होईना टिकला. ब्रेड आणि उकडलेली अंडी खाऊन झाल्यावर दोघी त्यात शिरल्या. बाहेर अजून संधिप्रकाश होता आणि तंबूचं कापड आतून फिकट केशरी दिसत होतं.

"घरी काय सांगायचं?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं तळव्यावरचा उरलेला गंज नखानं खरवडला.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "किती रात्री मी खिडकीत काढल्या."

"मग बोल ना तसं."

"बोलेन. पण जिन्यात नाही."

*

सकाळी थोरली पाणी घ्यायला तळ्यावर उतरली होती. भांडं बुडवताना तिनं सहज वर पाहिलं. कड्याच्या वळणाशी, जिथं साखळी संपत होती, तिथं काहीतरी निळं दिसलं. आधी तिला वाटलं, कुणाचा तरी कपडा अडकलाय. मग ते निळं हललं. इंचभर सरकलं आणि पुन्हा थांबलं.

तिनं भांडं खाली ठेवलं. त्या जाकिटाची चेन तिनं स्वतः बदलली होती.

"ताई, ते..." धाकटी धावत आली होती. तिनं श्वास भरून घेतला, ओरडायला तोंड उघडलं. थोरलीनं तिचं मनगट धरलं.

"आवाज नको."

"अगं, पण दादा आहेत!"

"म्हणूनच."

दोघी उभ्या राहिल्या. नंतर समजलं ते असं, की डोंगरवाल्यांनी संध्याकाळी चौकीवर फोन केला होता. वनरक्षक बाईनं सांगितलं, दोघी वर गेल्या. दुधाच्या गाडीत बसून ते रात्री चौकीवर आले, ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिले, आणि उजाडताच निघाले. पण आत्ता या दोघींना एवढंच दिसत होतं, की एक माणूस पोट कातळाला लावून, डोळे बहुधा मिटून, एकेका बोटानं पुढं येतो आहे.

तो थांबला. इतका वेळ थांबला, की थोरलीची नखं धाकटीच्या मनगटात रुतली आणि धाकटीनं ती रुतू दिली. मग त्याचा एक हात सुटला, हवेत चाचपडला, आणि पुढच्या कडीवर बसला.

वळण संपलं. डोंगरवाले वाटेवर मट्कन बसले. पायांत डोकं घालून बसले, उठले, कपडे झटकले, केसांवरून हात फिरवला, आणि जणू रोजच्या रस्त्यानं येत असल्यासारखे उतार उतरू लागले. दोघींनी दगडांवर बसून, तळ्याकडे तोंड करून, पाणी गाळतोय असं दाखवत त्यांना जवळ येऊ दिलं.

"बऱ्या आहात ना?" त्यांनी मागून विचारलं.

"हो," थोरली म्हणाली.

डोंगरवाल्यांची नजर आधी बायकोवर होती, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. ऊन तेवढ्यात डोंगराच्या कडेवरून पाण्यात उतरलं होतं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं. ते तसेच बघत राहिले.

धाकटी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा थोरलीकडे बघत होती. कालपासून जिभेच्या टोकावर असलेलं सगळं तिनं गिळलं. मग अगदी सहज, भांडं विसळता विसळता म्हणाली,

"दादा, यंदा पाणी जास्त आहे का हो? दर वर्षीपेक्षा?"

डोंगरवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. थोरलीनं मान खाली घातली होती. हो म्हणणं सोपं होतं. जिन्यातल्या पोरांना हो म्हणाले असते.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी पहिल्यांदाच बघतोय."

थोरली ज्या दगडावर बसली होती, त्यावरचं गाळायचं ओलं फडकं तिनं उचलून बाजूला ठेवलं आणि थोडी सरकली.

"मग इथं बसा," ती म्हणाली. "इथून अख्खं दिसतं."